सासऱ्यांसमोर पाइप

आमच्याकडे जावयाने सासऱ्यांसमोर विडी-सिगारेट ओढायची नसते. ओढत असेल तर घरामागे चिकूच्या झाडाआड जाऊन ओढायची आणि बडीशेप चघळत परत यायचं. सासऱ्यांना ते माहीत असतं, सासूबाईंना माहीत असतं, बडीशेप कशासाठी तेही सगळ्यांना माहीत असतं. तरी झाडाआड जायचं. मी मात्र चाळिशी उलटल्यावर, तोवर एकही विडी न ओढलेला माणूस, सासऱ्यांच्या समोर, त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांच्याच हुकमाने पाइप ओढायला शिकलो. २०१७ साल होतं. माझी घोलवडला चिकूच्या आणि आंब्याच्या कलमांची नर्सरी आहे. सासरे जवळच, समुद्रकाठच्या आगर गावात एकटे राहायचे.

सासऱ्यांच्या घरात सगळे मासेमारी करणारे. ते मात्र तरुणपणी मोठ्या मालवाहू बोटीवर लागले आणि अर्धं आयुष्य इंजिनरूममध्ये घालवून परत आले. येताना मोडकं इंग्रजी, तीन-चार देशांच्या शिव्या आणि पाइप घेऊन आले. शिव्या त्यांनी कधी वापरल्या नाहीत. पाइप मात्र रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ओढायचे. सासूबाई गेल्यावरही त्यात खंड पडला नाही. मग वापीला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी बंद केलं. कुरकुर नाही, चोरून ओढणं नाही. पाइप साफ करून कपाटात ठेवला आणि विषय संपवला. मला एवढ्या आज्ञाधारक माणसांची भीती वाटते.

माझी बायको त्यांची एकुलती एक. तिला वडील घोलवडला आमच्याकडे हवे होते. त्यांना आगरलाच राहायचं होतं. "ह्या घरातून मला समुद्र ऐकू येतो. तुमच्याकडे बोअरची मोटर ऐकू येते," एवढंच त्यांचं म्हणणं. बरीच वादावादी झाली. शेवटी बायकोने मान्य केलं, पण अट घातली. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, फोन दोन्ही वेळेला. "एक जरी गोष्ट चुकली ना बाबा, तर मी टेम्पो घेऊन येईन आणि तुम्हाला सामानासकट उचलून नेईन." टेम्पो माझा, कलमं पोचवायचा. धमकी तिची. सासरे त्या टेम्पोला फार घाबरायचे. मी कधी टेम्पोने गेलो तर आधी खिडकीतून बघायचे, गाडीत आणखी कोण बसलंय ते.

पावसाळा संपत आला होता. त्या पावसात त्यांना ताप आणि जोराची सर्दी होऊन गेली होती. मी औषधं पोचवायला गेलो तर त्यांनी कपाटातून पाइप काढून माझ्या हातात दिला.

"ओढा," ते म्हणाले.

"मी ओढत नाही, बाबा."

"म्हणूनच तुम्हाला सांगतोय. ओढणाऱ्याला आपल्या सवयी असतात."

मग त्यांनी बेत सांगितला. रॉटरडॅमच्या बंदरावर ते एक तंबाखू घ्यायचे. नाव आठवत नव्हतं. डबा सासूबाईंनी मेथीदाण्यांसाठी घेतला होता, तो गंजून गेला. वास मात्र आठवत होता. सासूबाईंना विडीचा वास सोसायचा नाही, पण ह्या तंबाखूचा वास अंगाला असेल तर त्या शर्ट धुवायला टाकायच्या आधी दोन दिवस खुंटीवर ठेवायच्या. "मला ओढायचा नाही. फक्त तो वास एकदा नाकात गेला पाहिजे. तुम्ही ओढा, मी लांब बसतो. सापडला की तुम्ही सुटलात."

सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही. मी हो म्हणालो.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "बाबा ओढणार नाहीत ना?" तिने विचारलं. नाही, मी ओढणार, असं सांगितल्यावर तिने पिठाचे हात धुतले. मग तिने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, दोघांनीही हा उद्योग न केलेला बरा. आणि करणारच असाल तर उघड्यावर, भरपूर अंतर ठेवून. बायकोने पहिलं वाक्य मला ऐकवलं आणि दुसरं स्वतः अमलात आणलं. पुढच्या रविवारी आगरला येऊन तिने ओट्याच्या दोन टोकांना दोन खुर्च्या ठेवल्या आणि त्यांच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. वारा समुद्रावरून येतो, वास तेवढा बाबांपर्यंत जावा म्हणून माझी खुर्ची समुद्राच्या बाजूला. मधे अख्खा ओटा मोकळा. दोन देशांच्या सरहद्दीवर बसावं तसे आम्ही बसायचो.

पहिला तंबाखू मी तलासरीच्या बाजारातून आणला. डोंगराकडच्या गावांत आंब्याची कलमं पोचवून परत येत होतो. बाजारात सुटा तंबाखू दिसला, घेतला. तंबाखू म्हणजे तंबाखू, त्यात निवडायचं काय, असं माझं मत होतं. शेजारी बसलेल्या एका शेतकऱ्याने पानाची विडी वळता वळता विचारलं, हा कुणासाठी? मी माझ्यासाठी म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुन्हा विडी वळायला लागला. बोलला असता तर बरं झालं असतं.

नर्सरीवाल्याला पिशवी भरायची सवय. प्लास्टिकच्या पिशवीत माती भरताना आम्ही ती आपटत आपटत, दाबत दाबत भरतो. पोकळी राहिली तर मूळ सुकतं. मी पाइप तसाच भरला. तळापासून दाबून, मधे दोनदा आपटून, वर अंगठ्याने सपाट करून. पेटवला. ओढला. काहीच आलं नाही. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पण धूर नाही.

"कलम लावताय काय?" सासरे पलीकडून म्हणाले. "हवा कुठून जाणार?"

मी सगळं खरवडून काढलं, सैल भरलं आणि रागाने जोरात ओढलं. ह्या वेळी आला. तो विडीचा कडक तंबाखू होता आणि मी तो छातीपर्यंत नेला. पाइपचा धूर तोंडातच ठेवायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना वाटलं होतं की एवढं माहीत असतं. ओटा हळूहळू फिरायला लागला. मी उठून माडाच्या बुंध्याशी गेलो आणि दुपारचं जेवण तिथे ठेवून आलो.

"पहिल्या पाइपला बोटीवर लोक रडलेत," ते म्हणाले. "कसा लागला?"

"जळजळीत."

"हं. फार जळजळीत आहे. हा नाही."

मग मी निवडीकडे जरा लक्ष दिलं. उंबरगावला एका मोठ्या पानवाल्याकडे चौकशी केली. "पाइपनी तंबाकु? ए तो नथी मळती, साहेब," तो म्हणाला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला डोळ्यांनीच मला दाखवलं. शेवटी मुंबईच्या आतेभावाला गाठलं. आमच्याकडचे चिकूचे ट्रक मुंबईच्या बाजारात जातात आणि येताना रिकामे क्रेट घेऊन येतात. आतेभाऊ फोर्टातल्या दुकानातून पुडी घ्यायचा, ट्रकवाल्याकडे द्यायचा, आणि ती रिकाम्या क्रेटातून घोलवडला उतरायची. परदेशी तंबाखूला इतका पिकलेल्या चिकूचा वास दुसरीकडे कुठे लागत नसेल.

पहिल्या पुडीतला तंबाखू ओलसर, काळपट आणि खोकल्याच्या औषधासारखा वास मारणारा. त्यात चेरीचा अर्क होता असं पुडीवर लिहिलं होतं. बायकोला तो वास आवडला. कपाटात ठेवावा म्हणाली. ओढायला मात्र सपक. आणि इतका गरम की जीभ भाजली आणि पुढे बरेच दिवस मला वरणसुद्धा तिखट लागत होतं.

"कसा लागतो?" सासऱ्यांनी विचारलं.

"गोडमिट्ट."

"बरोबर. गोडी फार आहे. हा नाही."

दुसऱ्या पुडीतला काळाकुट्ट. आगीच्या धुरावर सुकवलेला असतो म्हणे. भिजलेली चूल पेटवावी तसा त्याचा वास. शेजारी एक मावशी राहायच्या, बोंबील सुकवणाऱ्या. त्यांच्या अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील लटकलेले असायचे, आणि त्या वासात आयुष्य काढलेली ती बाई पदर नाकाला लावून बाहेर आली आणि काय जळतंय म्हणून विचारून गेली. मी सासऱ्यांना सांगितलं, धुरकट आहे. ते म्हणाले, हो, धुरकट आहे, हा नाही.

मला राग लवकर येतो. नर्सरीत पाणी घालणारी माणसं माझ्या मोटरसायकलचा आवाज ऐकला की नळी सरळ धरतात. एका माणसाच्या नाकासाठी मी माझी जीभ जाळतोय आणि हा माणूस पलीकडे बसून हा नाही, तो नाही करतोय, ह्याचा मला चांगलाच राग यायला लागला होता. घोलवडला परत जाताना मी वाटेतल्या चिखले गावापर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचो.

तिसरा तंबाखू चपट्या वड्यांच्या रूपात आला. तांबूस, दाबून लादी केलेला. तो तळहातावर चोळून मोकळा करायचा असतो. वास वाळलेल्या पेंढ्याचा, मागे कुठेतरी सुकं अंजीर. मी भरला. तळाला सैल, वर जरा घट्ट. पेटवला, फुगून वर आला तो खिळ्याच्या सपाट डोक्याने हलकेच दाबला, पुन्हा पेटवला. एव्हाना एवढं जमत होतं. त्या दिवशी मी दमलेलो होतो, म्हणून जोरात ओढलं नाही. गरम चहा बशीतून प्यावा तसा थोडा थोडा घेत राहिलो. आणि पहिल्यांदाच तोंडात काहीतरी आलं. आधी गोडसर, मग जरासं आंबूस, आणि सगळ्यात शेवटी ताज्या पावासारखं. घाई केली की ते नाहीसं व्हायचं आणि नुसता चटका उरायचा. सावकाश घेतलं की परत यायचं. मी आजवर कुठलीच गोष्ट सावकाश केलेली नाही. जेवणसुद्धा उभ्याउभ्या करतो. त्या संध्याकाळी मी पूर्ण पाइप संपेपर्यंत खुर्चीतून उठलो नाही. समोर भरतीचं पाणी चढताना पाहिलं. मला ते आवडलं, हे मान्य करायला हवं.

"कसा लागतो?"

"चांगला आहे, बाबा."

ते थोडे पुढे झुकले. डोळे मिटून बराच वेळ श्वास घेत राहिले. मग मागे टेकले. "चांगला आहे," ते म्हणाले. "पण हा नाही."

तरीही मी तोच मागवत राहिलो. बाकीचेही येत होते, त्यांच्यासाठी. पण तो माझा होता. बायको म्हणाली, घरातली आदळआपट कमी झालीय. तिला पाइप मंजूर होता असं नाही, पण खडूच्या खुणा पुसट झाल्या तेव्हा तिने त्या नव्याने ओढल्या नाहीत.

हिवाळ्यात माझा तो तंबाखू डब्यात सुकून चुरा व्हायला लागला. सुका तंबाखू भराभर जळतो आणि जीभ भाजतो. सासरे म्हणाले, बोटीवर आम्ही डब्यात सफरचंदाची फोड ठेवायचो, ओल धरते. घोलवडला सफरचंद विकत आणणारा माणूस मी पाहिलेला नाही. आमच्याकडे फळ म्हणजे चिकू, आणि तेव्हा तर तोडणी भरात होती, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी एका पिकल्या चिकूच्या दोन फोडी तंबाखूत ठेवल्या आणि डबा घट्ट लावला. मग माल पाठवायच्या गडबडीत आगरला जाणंच झालं नाही.

जवळजवळ पंधरवड्याने गेलो. डबा सासऱ्यांकडे दिला आणि खिशातल्या पुडीत जो थोडासा चांगला तंबाखू उरला होता तो पाइपमध्ये भरून मी आपल्या जागी बसलो. त्यांनी पलीकडे झाकण उघडलं. वारा त्यांच्याकडे जाणारा असूनही वास माझ्यापर्यंत आला. चिकूची दारू झाली होती आणि दारूचंही पुढे काहीतरी झालं होतं. कुजलेल्या फळात मेलेली घूस ठेवावी तसा तो वास होता. तंबाखू तपकिरी, चिकू तपकिरी. डोळ्यांनी बघून काहीच कळलं नसतं. सासऱ्यांनी डबा नाकाशी नेला. डोळे मिटले. नेहमीसारखा लांब श्वास घेतला.

"हां," ते म्हणाले. "हा जवळपास आलाय."

मी पाइप पेटवायचा तसाच हातात धरून बसलो. चेष्टा करतायत का ते बघितलं. करत नव्हते. तेवढ्यात शेजारच्या मावशी कुंपणावरून ओरडल्या, "अहो, दूध करपलंय तुमचं. माझ्या घरात वास आला."

मी आत धावलो. गॅस चालू होता. पातेल्यात दूध नव्हतंच, काळा थर होता आणि स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. गॅस बंद केला, खिडकी उघडली, पातेलं मोरीत टाकलं. मोरीच्या कडेला आणखी दोन पातेली पालथी घातलेली होती. त्यांचेही तळ काळे होते आणि राखेने घासघासून मधेमधे पांढुरके झाले होते. मी ती आधीही पाहिली होती. एकट्या पुरुषाचं घर, असं म्हणून सोडून दिली होती.

बाहेर आलो तेव्हा ते डबा मांडीवर घेऊन बसले होते.

"बाबा, तुम्हाला वास येत नाही."

त्यांनी नाही म्हटलं नाही. "पावसाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून," ते म्हणाले. "आधी वाटलं, सर्दी आहे, जाईल. मग वाटलं, जोरकस काहीतरी असेल तर कळेल. तो तंबाखू भिंतीपलीकडूनसुद्धा कळायचा मला." मग म्हणाले, "तुम्ही दर वेळी काहीतरी नवीन आणायचात. मला वाटायचं, आज कळेल."

तेव्हा मला त्या सगळ्या संध्याकाळी उलगडल्या. मी गोड म्हटलं की ते गोड म्हणायचे. मी धुरकट म्हटलं की धुरकट. चिखल्यापर्यंतच्या रस्त्यावर मी ज्या माणसाशी भांडायचो तो तिथे बसून आपलं नाक परत यायची वाट बघत होता. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी ओरडतो.

"गॅस गळला असता तर? कळलं असतं तुम्हाला? आजचं दूध मलासुद्धा कळलं नाही, हा डबा उघडा होता म्हणून. त्या मावशी घरात नसत्या तर?"

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "ती टेम्पो आणेल."

मी बसलो. न सांगण्याचा विचार मी केला, केला नाही असं नाही. रोज येऊन गॅस बघून जायचं, मावशींना लक्ष ठेवायला सांगायचं. पण तोडणी लागली की मला पंधरवडा येता येत नाही, हे आजच दिसलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. इंजिनरूममध्ये काम केलेला माणूस, कुठल्या यंत्राचा भरवसा धरायचा आणि कुठल्याचा नाही हे त्यांना कळत होतं.

"लावा फोन," ते म्हणाले. "तुम्ही नका बोलू. मी बोलतो."

मी बायकोला फोन लावून दिला. त्यांनी तिला आधी जेवलीस का ते विचारलं. मग म्हणाले, "मला नाकाने काही कळत नाही, पोरी. पावसाळ्यापासून. आज दूध जळलं." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फार काही आलं नसावं. त्यांनी दोनदा हं म्हटलं आणि फोन माझ्याकडे दिला. ती रडत होती आणि रडता रडता नेहमीसारख्या सूचना देत होती. आजच त्यांना घेऊन या, मोटरसायकल हळू चालवा, कानटोपी घाला त्यांना, औषधांचा डबा फ्रीजवर आहे, बाकीचं सामान उद्या टेम्पोने आणू.

कपड्यांची एक पिशवी त्यांनी स्वतः भरली. सिलिंडरचं रेग्युलेटर मी बंद केलं. त्यांनी येऊन ते पुन्हा तपासलं. मावशींना किल्ली दिली. डबा मी माडाखाली रिकामा केला. मग निघायचं म्हणून मी चप्पल घातली, तर ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

"तो भरलेला पाइप तसाच राहिलाय," ते म्हणाले. "भरलेला पाइप टाकून उठायचं नसतं. तो संपवा, मग निघू."

असा काही नियम त्यांनी मला आधी कधी सांगितला नव्हता. मी चप्पल काढली आणि पेटवला. दिवस बुडाला होता. त्यांनी ओट्यावरचा दिवा लावला नाही, मीही लावला नाही. समुद्र ऐकू येत होता. एवढ्या महिन्यांत मी जे काही शिकलो होतो ते सगळं त्या एका पाइपला लावलं. अगदी थोडा थोडा घेतला. गरम झाला की हातात धरून थांबलो. विझतोय असं वाटलं की हलकेच फुंकर घातली. इतका सावकाश पाइप मी तोवर ओढला नव्हता आणि त्यानंतरही ओढलेला नाही. त्यांनी कसा लागतो म्हणून विचारलं नाही. ते समुद्राकडे तोंड करून बसले होते.

कितीही सावकाश ओढला तरी पाइपची वाटी ती केवढी. तळाची राख लागली, शेवटचा कडवट घोट आला आणि पाइप विझला. मी तो दातांत तसाच धरून ठेवला.

"संपला?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "अजून आहे." आणि थंड पाइप ओढला.

त्यांनी समुद्रावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. वास येत नसला तरी डोळे चांगले होते, आणि पाइपमध्ये निखारा नव्हता हे तेवढ्या अंतरावरून कुणालाही दिसलं असतं.

"सावकाश ओढा," ते म्हणाले.